फाइल चार घरी ठेवा! संगणकावर ‘नोड’ कसा बसवायचा आणि त्यावर काय टाकायचं नाही

खान्देशातल्या शेतकऱ्याला बियाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. भरीताच्या वांग्याचं चांगलं बी एकाच घरी, एकाच डब्यात ठेवलं आणि त्याला कीड लागली, की पुढच्या हंगामाला हात चोळत बसावं लागतं. तेच बी भावकीत चार घरी दिलेलं असलं तर एक घर चुकलं तरी दुसरीकडून ओंजळभर मिळतंच.

मोबाइलमधल्या फाइलींचं मात्र आपण नेमकं उलटं करतो. आजीने म्हटलेल्या कानबाईच्या गाण्यांची रेकॉर्डिंग, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, गावच्या बंधाऱ्याचे काम चालू असतानाचे फोटो, सगळं एकाच फोनात. फोन विहिरीत पडला, मेमरी फुल्ल झाली म्हणून पोराने डिलीट केलं, की विषय संपला.

यावर एक उपाय म्हणून ‘पीअर टू पीअर’ साठवण, म्हणजे संगणक ते संगणक साठवण, याची चर्चा तरुण पोरांमध्ये ऐकू येते. त्यात ‘नोड बसवा’, ‘नोड चालवा’ असे शब्द असतात. काही जण तर ‘नोड बसवा आणि घरबसल्या पैसे कमवा’ असंही सांगतात. नोड म्हणजे काय, तो कसा बसवायचा, त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे या लेखात पाहू.

नोड म्हणजे काय भानगड?

आपण एखाद्या कंपनीच्या ड्राइव्हवर फोटो टाकतो तेव्हा तो त्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर जातो. सगळ्यांचा माल एकाच गोदामात. पीअर टू पीअरमध्ये असं मोठं गोदाम नसतं. तुमचा संगणक, शाळेचा संगणक, सुरतला नोकरीला असलेल्या गावच्या पोराचा लॅपटॉप, असे साधे संगणकच एकमेकांना फाइल देतात-घेतात. अशा जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला ‘नोड’ म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटोरंट’ आणलं. त्यात ज्याच्याकडे पूर्ण फाइल असते आणि जो ती दुसऱ्यांना देत राहतो, त्याला ‘सीडर’ म्हणतात. सीडर म्हणजे सरळ बी देणारा. शेवटचा सीडर बंद झाला की ती फाइल पूर्ण मिळेल याची खात्री राहत नाही.

पुढे २०१५ मध्ये ‘आयपीएफएस’ नावाची व्यवस्था आली. हुआन बेनेट आणि त्यांच्या ‘प्रोटोकॉल लॅब्स’ने ती सुरू केली. ती फुकट आहे आणि साध्या संगणकावर चालते. नोड बसवायचा तर सुरुवातीला हीच सोपी, म्हणून पुढची माहिती तिच्यावरच आहे.

यात फाइलीचे लहान लहान तुकडे होतात, साधारण २५६ किलोबाइटचे. त्या तुकड्यांवरून फाइलीची एक लांब खूण तयार होते, तिला ‘सीआयडी’ म्हणतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी ही खूण. फाइलीत एक अक्षर जरी बदललं तरी खूण बदलते. त्यामुळे मधल्या कुणी फाइलीत फेरफार केली तर ती लगेच उघडी पडते.

सगळ्यात मोठा गैरसमज

‘एकदा नेटवर्कवर टाकली की फाइल कायमची राहते’ असं सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. नेटवर्क फाइल सांभाळत नाही. फाइल सांभाळतो तो नोड, आणि नोड सांभाळतो माणूस.

ज्या नोडवर फाइल ‘पिन’ केलेली असते, म्हणजे ‘ही पुसायची नाही’ अशी खूण केलेली असते, तिथेच ती टिकते. बाकी ठिकाणी कुणी ती उघडून पाहिली असेल तर काही काळ तिची प्रत राहते, आणि जागा कमी पडली की साफसफाईत पुसली जाते.

उलटंही खरं आहे. तुम्ही नोड बसवला म्हणून अनोळखी लोकांच्या फाइली तुमच्या संगणकावर आपोआप येऊन भरत नाहीत. तुम्ही जे टाकलं, जे पिन केलं किंवा जे उघडून पाहिलं, तेवढंच तुमच्याकडे असतं.

बहिणाबाई चौधरींची गाणी आज आपल्याला माहीत आहेत ती कशामुळे? आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ती गाणी वहीत उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी कागदपत्रं जमवली. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचं निधन झालं, आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. वही असो की दप्तर, कुणीतरी सांभाळलं म्हणून ते टिकलं. नोडचंही तसंच आहे.

काय लागतं?

फोनवर हा नोड नीट चालत नाही. सतत चालू राहणारा संगणक किंवा जुना लॅपटॉप पाहिजे. ४ ते ६ जीबी रॅम असली तर बरं. रिकामी जागा किमान ५० जीबी असावी.

विजेचा हिशेब आधीच करून घ्या. लॅपटॉप साधारण ३० वॅट खात असेल तर २४ तासांत पाऊण युनिटच्या आत आणि महिन्याला २१-२२ युनिट होतात. ५ वॅटवर चालणारा छोटा बोर्ड-संगणक असेल तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. स्वतःच्या वीजबिलातल्या दराने गुणून बघा.

इंटरनेट फायबरचं किंवा केबलचं असावं. मोबाइलच्या डेटावर नोड चालवू नका. गावच्या जत्रेचा ३०० एमबीचा व्हिडिओ दहा जणांनी तुमच्याकडून घेतला तर तुमच्या बाजूने ३ जीबी खर्च होतात. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक दुपारपर्यंतच संपेल.

बसवायचा कसा? पायरी पायरीने

१. ‘आयपीएफएस डेस्कटॉप’ हा प्रोग्राम त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर आलेली फाइल कधीच बसवू नका.

२. पहिल्यांदा चालू केला की तो स्वतःची ओळख तयार करतो. ती ओळख आणि तिची गुप्त चावी संगणकावरच्या ‘डॉट आयपीएफएस’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते. मदत मागताना त्यातल्या कॉन्फिग फाइलीचा फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यात चावी असते.

३. आता जागेची मर्यादा. ‘सेटिंग्ज’मध्ये खाली कॉन्फिगची यादी दिसते. तिच्यात ‘डेटास्टोअर’खाली ‘स्टोरेजमॅक्स’ शोधा. तिथे मुळात १० जीबी असतं. ४ एमबीचा एक असे अडीच हजार फोटो त्यात मावतात. व्हिडिओ ठेवायचे असतील तर ती वाढवा, पण डिस्कची पाव जागा तरी मोकळी राहू द्या. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही मर्यादा म्हणजे कुलूप नव्हे. ती भरत आली की साफसफाई सुरू होते एवढंच. पिन केलेली फाइल साफसफाईत जात नाही, त्यामुळे पिन करत गेलात तर मर्यादा ओलांडून डिस्क भरू शकते.

४. ‘ऑटोमॅटिक गार्बेज कलेक्शन’ म्हणजे आपोआप साफसफाई. ती चालू ठेवा. ‘लाँच ऑन स्टार्टअप’ही चालू ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर संगणक सुरू झाला की नोड आपोआप उठेल.

५. इंटरनेट जेमतेम असेल तर कॉन्फिगमध्ये ‘राउटिंग’खाली ‘टाइप’ला ‘ऑटोक्लायंट’ करा. मग तुमचा नोड दुसऱ्यांना पत्ते शोधून देण्याच्या कामात अडकत नाही, स्वतःच्या फाइली देण्यापुरताच राहतो.

६. नोड तीन दारं वापरतो. त्यांना पोर्ट म्हणतात. ४००१ हे बाहेरच्या नोडशी बोलायचं दार. राउटरमध्ये ते उघडता आलं तर टीसीपी आणि यूडीपी दोन्हीसाठी उघडा. ५००१ हे नोडला हुकूम द्यायचं दार आहे आणि ८०८० हे तुमच्याच ब्राउझरमधून फाइल बघायचं. ही दोन्ही फक्त आपल्या संगणकापुरती, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावरच राहू द्या. ५००१ बाहेर उघडलं तर कुणीही तुमच्या नोडचा मालक होऊ शकतो. ‘पोर्ट उघडा म्हणजे वेगाने चालेल’ असं सांगणाऱ्याला आधी विचारा, ‘भाऊ, कोणतं पोर्ट?’

बऱ्याच कनेक्शनवर ४००१ उघडूनही उपयोग होत नाही, कारण पुरवठादाराने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांना वाटून दिलेला असतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचं कनेक्शन त्याच प्रकारचं समजा. तरी घाबरू नका. नोड मध्यस्थ नोडच्या मदतीने वाट काढतो, फक्त थोडा वेळ लागतो.

७. ‘फाइल्स’मध्ये जाऊन फाइल टाका. शेजारच्या तीन ठिपक्यांत ‘कॉपी सीआयडी’ आणि ‘शेअर लिंक’ मिळेल. सीआयडी वहीतसुद्धा लिहून ठेवा. ती हरवली तर फाइल असूनही बाहेरून सापडत नाही.

दुसरा नोड नसेल तर काम अर्धवटच

एकाच संगणकावर नोड बसवून थांबलात, तर बी परत एकाच डब्यात ठेवल्यासारखं झालं. किमान तीन नोड हवेत, आणि ते एकाच डीपीवर नकोत. एक शाळेत, एक वाचनालयात किंवा सेवा केंद्रात आणि एक नाशिक, पुणे किंवा सुरतेत राहणाऱ्या गावच्या माणसाकडे, अशी वाटणी चांगली. यावलला वीज गेली तरी सुरतचा नोड फाइल देत राहील.

नोड आपल्याकडे काय आहे याची नोंद नेटवर्कला देत असतो. ती नोंद ४८ तासांनी बाद होते, म्हणून नोड दर २२ तासांनी ती नव्याने देतो. भारनियमनात सहा-आठ तास बंद राहिला तर नोंद जात नाही, पण तेवढा वेळ त्या घराचं दार बंदच असतं. लग्नसराईत आठवडाभर संगणक बंद ठेवला तर नोंदही जाते. परत चालू केला की नोंद पुन्हा होते. फाइल गेलेली नसते.

दुसऱ्या नोडवर फाइल घेताना एक चूक हमखास होते. तिथे ‘इम्पोर्ट’मध्ये सीआयडी टाकला की फाइलीचं नाव यादीत दिसतं आणि माणूस समजतो की झालं. प्रत्यक्षात सगळे तुकडे उतरलेले नसतात. तीन ठिपक्यांतून ‘सेट पिनिंग’ उघडून ‘लोकल नोड’ निवडा. तेव्हाच पूर्ण फाइल खाली उतरते आणि तिथे कायम राहते.

मग परीक्षा घ्या. पहिल्या नोडवर एक नवी छोटी फाइल टाका. कुणीही तिची लिंक उघडायच्या आत ती दुसऱ्या नोडवर पिन करा. आता पहिला नोड बंद करा आणि फोनवर लिंक उघडा. उघडली तर दुसरं घर खरंच बी देतंय. आधीच उघडलेल्या जुन्या फाइलीने ही परीक्षा घेऊ नका. मधल्या संकेतस्थळाकडे तिची तात्पुरती प्रत असते आणि तुमची फसगत होते.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी काय करायचं?

बहुतेक वाचकांकडे संगणक नाही. तरी त्यांचं काम मोठं आहे, कारण मूळ फाइल त्यांच्याच फोनात असते. ती नोडवाल्याकडे पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नका पाठवू, त्यात दर्जा घसरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबल लावून द्या. फाइलीला नाव द्या, गावाचं नाव, तारीख आणि कशाची आहे ते. ‘व्हिडिओ शून्य शून्य सात’ असं नाव असलं तर दहा वर्षांनी कुणाला काय कळणार? आणि गाणं कुणी म्हटलं ते लिहा, त्या बाईची परवानगी घेऊनच.

काय अजिबात टाकायचं नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आयपीएफएस हे सार्वजनिक जाळं आहे. सीआयडी मिळाला की कुणीही ती फाइल उघडू शकतो. एकदा दुसऱ्याने पिन केली की तुम्ही ती परत बोलावू शकत नाही. तुमच्याकडून पुसा, त्याच्याकडे ती राहणारच.

म्हणून आधार कार्ड, बँक पासबुक, पीक विम्याचे कागद, सातबारा, लेकीबाळींचे घरगुती फोटो यावर टाकू नका. सरकारी दाखल्यांसाठी डिजिलॉकर आहे, डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. घरच्या फोटोंसाठी ‘सिंकथिंग’सारखा प्रोग्राम बरा. तो फक्त तुम्ही जोडलेल्या संगणकांमध्येच फाइली नेतो. नाहीतर एक हार्ड डिस्क भरून बहिणीच्या घरी ठेवा, हेही चालतं.

नवे सिनेमे पिन करू नका. पिन केलं म्हणजे तुम्ही ते वाटताय, आणि कॉपीराइटचा कायदा तुमच्यालाही लागू होतो.

हे कुठे वापरलं गेलं?

कागद एकाच ठिकाणी अडकू नये म्हणून सरकारी पातळीवरही प्रयोग झाले आहेत. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली भागात २०२२ मध्ये ६५ हजार जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खरा की बनावट हे कुठूनही तपासता यावं हा हेतू होता. ते आयपीएफएस नव्हे, पण नोंद एकाच संगणकाच्या भरवशावर ठेवायची नाही हा विचार तोच.

बाहेरच्या देशातलं उदाहरण तुर्कस्तानचं. तिथल्या सरकारने एप्रिल २०१७ मध्ये विकिपीडिया बंद केला, तेव्हा तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर ठेवली गेली. बंदी जानेवारी २०२० मध्ये उठली.

‘घरी मशीन ठेवा, पैसे कमवा’?

जागा भाड्याने देऊन पैसे देणारी नेटवर्क आहेत, हे खरं. पण आयपीएफएसचा साधा नोड चालवून एक रुपयाही मिळत नाही. पैसे मिळवण्यासाठी ‘फाइलकॉइन’ नावाचं वेगळं नेटवर्क ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं. त्यात साठवण पुरवायला १२८ जीबी रॅम, भारी ग्राफिक कार्ड आणि कितीतरी टेराबाइट जागा लागते, वर स्वतःची नाणी तारण ठेवावी लागतात. घरातल्या जुन्या लॅपटॉपचं ते काम नाही.

जे काही मिळतं ते क्रिप्टोच्या नाण्यांत. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. नाण्याचा भाव कापसाच्या भावापेक्षाही जास्त हलतो.

म्हणून कुणी ‘अमुक हजार भरा, मशीन आम्ही लावतो, महिन्याला ठरलेली रक्कम घ्या, आणखी दोन माणसं जोडा’ असं म्हटलं तर तिथूनच परत फिरा. खऱ्या नोडला माणसं जोडावी लागत नाहीत. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

थोडक्यात

- जो पिन करतो तोच सांभाळतो. किमान तीन ठिकाणी पिन करा.
- ५००१ पोर्ट बाहेर उघडू नका. कॉन्फिग फाइल कुणाला देऊ नका.
- खासगी कागद आणि घरचे फोटो यावर नाहीत.
- सीआयडी, फाइलीचं नाव आणि कुणाकडे पिन आहे, हे शाळेच्या किंवा वाचनालयाच्या वहीत लिहा.
- वर्षातून एकदा, अक्षयतृतीयेला म्हणा, एकेक नोड बंद करून परीक्षा घ्या.

सुरुवात मोठी करायची गरज नाही. गावातली गाणी माहीत असलेली एखादी आजी असेल, तर या श्रावणात कानबाईच्या वेळी तिची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. ती एक फाइल तीन घरी पिन करा. तेवढं जमलं की पुढचं आपोआप समजेल.